पाळी जाताना एकीला काहीच होत नाही, दुसरीचा रात्रभर डोळा लागत नाही, असं का?

प्रश्न थोडक्यात असा: "माझं वय 48. वर्षभरापासून पाळी तीन-चार महिन्यांनी येते. दिवसातून आठ-दहा वेळा अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने जाग येते आणि मग झोप लागत नाही. चिडचिड फार वाढली आहे. माझ्या मोठ्या जाऊबाई माझ्याहून दोनच वर्षांनी मोठ्या. एकाच घरात राहतो, एकच जेवतो, पण त्यांची पाळी कधी गेली ते घरात कुणाला कळलंही नाही. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. हा त्रास खरा की मनाचा? तो कशाने कमी-जास्त होतो? आणि किती वर्षं चालणार?"

ताई, आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते. त्रास खरा आहे. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग असतो, तो शरीराचं तापमान सांभाळतो. एरवी तापमान थोडं खाली-वर झालं तरी तो दखल घेत नाही. ओव्हरीतून (बीजकोशातून) येणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन घटलं की तिथल्या काही चेतापेशींवरचा लगाम सुटतो आणि ही दखल न घेण्याची पट्टी अगदी अरुंद होते. मग एक कप चहा, गॅससमोरची दहा मिनिटं किंवा बारीकसा वाद एवढंही पुरतं. शरीर तापलंय अशा समजुतीने मेंदू कातडीखालच्या रक्तवाहिन्या उघडतो आणि घाम सोडतो. चेहरा-मान-छाती लाल होते, धडधडतं. काही मिनिटांत सगळं ओसरतं आणि घाम वाळताना उलट थंडी वाजते. त्वचेला इलेक्ट्रोड लावून ही वाफ मोजता येते. तेव्हा "मनाचे खेळ" म्हणणाऱ्याला एवढं सांगायला हरकत नाही की मनाचे खेळ असे यंत्रावर उमटत नसतात.

आता जाऊबाईंचं आणि तुमचं वेगळं का, याकडे येऊ. इथे दोन गोष्टी सुट्या कराव्या लागतात. वाफा किती येतात हा एक भाग. त्या वाफांनी तुमच्या जगण्याचं किती नुकसान होतं हा दुसरा. या दोन्हींची कारणं बरीचशी वेगळी असतात आणि आम्ही डॉक्टरही बहुतेक वेळा फक्त पहिल्याबद्दल विचारून मोकळे होतो. माझ्या ओपीडीत सर्वांत जास्त वाफा येणारी बाई ही सर्वांत जास्त खचलेली असतेच असं नाही. दिवसाला दोनच वाफा येणारी, पण त्या दोन्ही रात्री येणारी आणि पहाटे पाचला उठून डबे करणारी बाई जास्त मोडलेली असते.

पाळी कशी गेली, यापासून सुरुवात करते, कारण माझ्या मते या सगळ्यात इतकं वजन दुसऱ्या कशालाच नाही. नैसर्गिकपणे जाते तेव्हा ओव्हरी काही वर्षं हळूहळू मंदावते आणि शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो. ऑपरेशन करून गर्भपिशवीबरोबर दोन्ही ओव्हऱ्या काढल्या, तर इस्ट्रोजेन एक-दोन दिवसांत कोसळतं. अशा बायकांच्या वाफा जास्त तीव्र असतात, झोप आणि मनःस्थिती जास्त बिघडते, हाडांची झीज लवकर सुरू होते. वय जितकं कमी, तितका फटका मोठा. ओव्हऱ्या ठेवून नुसती पिशवी काढली तरी त्यांचं काम काही वर्षं आधी थांबण्याची शक्यता वाढते. आणि पिशवीच नसल्यामुळे पाळी थांबल्याची खूण उरत नाही. चाळिशीच्या आत पिशवी काढलेली बाई सांधे दुखतात, घाम येतो, कशात मन लागत नाही म्हणून अस्थिरोगतज्ज्ञ, फिजिशियन आणि मानसोपचारतज्ज्ञ अशी फिरत राहते. तिची रजोनिवृत्ती होऊन गेली आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही, तिच्या स्वतःच्याही नाही.

आपल्या राज्यात हे फार जवळचं आहे. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांचा प्रश्न पुढे आला. आधीच्या तीन वर्षांत एकट्या बीड जिल्ह्यातल्या खासगी दवाखान्यांत अशा 4605 शस्त्रक्रिया झाल्याचं सरकारने विधान परिषदेत सांगितलं. आमदार डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तपासणी झालेल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. आजाराच्या पलीकडेही कारणं होती. नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणजे मजुरांची एक जोडी, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल, एक दिवस काम चुकलं की खाडा, म्हणजे दंड. फडात संडास नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांत कपडा बदलायला आडोसा नाही. अंगावरून जातंय म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला "पुढे कॅन्सर होईल" अशी भीती घातली की ती उसनवारी करून पिशवी काढून घेते. देशपातळीवरही चित्र बरं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत पिशवी काढतानाचं मध्य वय 34 आढळलं होतं, म्हणजे साधारण निम्म्या जणींची पिशवी त्याआधीच गेलेली. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांबाबतची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला राज्यांना सांगितलं.

हे इतकं लांबवलं, कारण रजोनिवृत्तीच्या त्रासाची बोलणी शहरी बैठकीच्या खोलीत सुरू होतात आणि तिथेच संपतात. चौतिसाव्या वर्षी पिशवी गेलेल्या आणि त्यानंतरही बारा तास मोळ्या वाहणाऱ्या बाईला सोया खा आणि ध्यान करा हे सांगण्यात काही अर्थ नाही. तिला हाडांचं, हृदयाचं आणि हार्मोनचं नीट औषध लागतं. तुमच्या नात्यात कुणाची पिशवी चाळिशीच्या आत काढली असेल तर ऑपरेशनचे कागद शोधा आणि ओव्हऱ्या ठेवल्यात की काढल्यात ते वाचा. "युटेरस" एवढंच लिहिलंय की पुढे "विथ बायलॅटरल सॅल्पिंगो-उफोरेक्टॉमी" आहे, हे बघायचं. दुसरं वाक्य असेल तर दोन्ही ओव्हऱ्या काढलेल्या आहेत.

तुमची पाळी नैसर्गिकपणे चालली आहे. वयही नेहमीचंच आहे. आपल्याकडे बायकांची पाळी सरासरी 46-47 च्या आसपास जाते, युरोप-अमेरिकेत 51 च्या आसपास. चाळिशीच्या आत गेली तर ती अकाली, 40 ते 45 मध्ये गेली तर लवकर, आणि या दोन्हींत तपासणी व उपचार हवेतच. लवकर जाण्यात आनुवंशिकता मोठी असते. आईची कधी गेली हे म्हणून विचारायचं. जन्मभराचं कुपोषण आणि तंबाखू यांचाही हात असतो. सिगारेट ओढणाऱ्या बायकांची पाळी साधारण वर्ष-दोन वर्षं आधी जाते आणि वाफाही जास्त येतात, हे अनेक देशांत दिसलं आहे. "आमच्यात कुणी सिगारेट ओढत नाही" असं लगेच उत्तर येतं. मग मी मशेरीबद्दल विचारते आणि थोडी शांतता पसरते. मशेरीतही निकोटीनच असतं. ते झोप उडवतं आणि रक्तदाब चढवतं, तोंडाच्या कर्करोगाचा धोका तर वेगळाच. सकाळी दात घासायला म्हणून आणि दुपारी जरा बरं वाटतं म्हणून लावली जाणारी मशेरी या वयात सोडण्यासारखी आहे.

किती वर्षं चालणार? याचं सर्वांत भरवशाचं उत्तर अमेरिकेतल्या 'स्वान' या अभ्यासातून मिळतं. 1996 मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात पाच वंशगटांतल्या 3302 बायकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला. त्रासदायक वाफांचा मध्य कालावधी निघाला 7.4 वर्षं. "दोन-तीन वर्षांत जाईल, सहन करा" असं आम्हीही पूर्वी सांगत असू, त्याला या आकड्याने चाप बसला. कालावधी सगळ्यांचा सारखा नव्हता. कृष्णवर्णीय बायकांत 10 वर्षांच्या वर, जपानी वंशाच्या बायकांत पाचाच्या आत. पाळी नियमित असतानाच किंवा नुकतीच बिघडू लागलेली असताना ज्यांना वाफा सुरू झाल्या, त्यांना त्या सर्वांत जास्त टिकल्या, 11 वर्षांहून अधिक. शेवटच्या पाळीनंतर सुरू झालेल्यांना साडेतीन वर्षांच्या आत आराम पडला. तुम्ही या दोन टोकांच्या मधे आहात. संपूर्ण काळ आत्ताइतकाच त्रास राहील असं नाही, शेवटच्या पाळीच्या आसपासची दोन-तीन वर्षं बहुधा सर्वांत वाईट असतात. पण "थोडे दिवस कळ काढू" या हिशोबाने उपचार टाळू नका. ती कळ लांबलचक असू शकते.

याच अभ्यासात चिंता, ताण, कमी शिक्षण, वाढलेलं वजन, धूम्रपान यांचा संबंध जास्त वाफांशी दिसला. भारतीय बायका त्यात नव्हत्या. आपल्याकडच्या पाहण्यांमध्ये वाफांपेक्षा सांधेदुखी, अंगदुखी आणि थकवा यांच्या तक्रारी वारंवार वरच्या क्रमांकावर येतात. माझाही अनुभव तोच. बाई "गरम होतं" म्हणून येत नाही, "अंग ठणकतं, काही करावंसं वाटत नाही" म्हणून येते. वाफांचं मी विचारते तेव्हा म्हणते, "ते तर आहेच."

वजनाबद्दल थोडक्यात. चरबीत थोडं इस्ट्रोजेन तयार होतं, म्हणून जाड बायकांना त्रास कमी व्हायला हवा असं पूर्वी मानत. पाळी जाण्याच्या काळात मात्र उलट दिसतं. पोटावर चरबी जास्त, तर वाफा जास्त, चरबीचा थर उष्णता बाहेर पडू देत नाही हे त्याचं एक कारण मानतात. वजन उतरवलं की वाफा उतरतात, याला पुरावा आहे.

आणि सगळंच रजोनिवृत्तीच्या नावावर खपवू नका. थायरॉइड जास्त काम करत असेल तर घाम, धडधड, चिडचिड सगळं असंच होतं. मधुमेहाच्या काही गोळ्यांनी साखर खाली गेली तरी दरदरून घाम सुटतो. अशी गोळी चालू असेल तर वाफ येईल तेव्हा एकदा ग्लुकोमीटरवर साखर बघा. रात्रीच्या घामाबरोबर वजन घटत असेल, बारीक ताप किंवा खोकला असेल, तर आपल्या देशात आधी क्षयरोग तपासायचा. मग हार्मोन. दम लागणं आणि गळून जाणं यामागे तर पुष्कळदा रक्त कमी असणं हेच निघतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयोगटातल्या 54.2 टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यात पाळी जाण्याआधीच्या काळात अनेकींचा रक्तस्राव बेफाम होतो. एसटीच्या महिला वाहकाला सहा तासांच्या फेरीत कपडा बदलायला जागा मिळत नाही. तिला वाफांपेक्षा याचाच धसका असतो. यावर रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायची हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू आहे, ती पाच वर्षं किंवा जास्त चालते. इतकं सगळं हाताशी असताना थेट पिशवी काढण्याचा सल्ला मिळाला तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

आता झोप. मला एकच प्रश्न विचारायची परवानगी असेल तर मी "रात्री किती वेळा उठता आणि कशासाठी?" हाच विचारेन. झोप मोडली की सांधे जास्त दुखतात, गोड खावंसं वाटतं, रक्तदाब वाढतो, विसरायला होतं, आणि घरातल्या माणसाने "मीठ कमी आहे" म्हटलं तरी डोळ्यांत पाणी येतं. बायकांना वाटतं आपला स्वभाव बिघडला. स्वभाव तोच असतो, झोपेची थकबाकी चढलेली असते. पण जाग दर वेळी घामानेच येते असं नाही. लघवीला उठावं लागतं. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांना कूस बदलून द्यायची असते. घोरणं वाढलेलं असतं. पाळी गेल्यावर बायकांत झोपेत श्वास अडकण्याचं प्रमाण वाढतं आणि ते बाईत शोधायचं असतं हेच कुणाला सुचत नाही, घोरणं म्हणजे पुरुषाचं काम अशी आपली समजूत. मुलगी रात्री अकराला क्लासहून येते, तोवर जागायचं असतं. यातलं कोणतं कारण तुमचं, त्यावर उपाय ठरतो. घामाने जाग येत असेल तर घामावर औषध. सासऱ्यांमुळे येत असेल तर घरातल्या दुसऱ्या माणसाने एक दिवसाआड रात्रपाळी घ्यायला हवी. ही चिठ्ठी मी लिहून देते, अक्षरशः, कारण डॉक्टरने कागदावर लिहिलं की घरात ते चालतं.

तुमच्या-जाऊबाईंच्या फरकाचा बराच भाग इथेच असू शकतो. घर एक असलं तरी दोघींचं ओझं एक नसतं. त्यांची मुलं मोठी होऊन बाहेर पडली असतील, तुमचा मुलगा दहावीला असेल. नोकरी एकीलाच असेल, भांडी-कुंडी दोघींत समान असतील. आयुष्यात पूर्वी मोठं नैराश्य येऊन गेलं असेल, बाळंतपणानंतर मन फार खाली गेलं असेल, किंवा पाळीच्या आधी दर महिन्याला फार चिडचिड होत असेल, तर अशा बाईला हा काळ मनाच्या अंगाने जड जातो. घरात मारहाण सोसलेल्या बायकांत वाफा आणि झोपेच्या तक्रारी जास्त असतात, हेही अभ्यासांत दिसलं आहे. ही गोष्ट कुणी आपणहून सांगत नाही. नवरा ओपीडीच्या खोलीत बसलेला असतो, म्हणून मी त्याला आधी बाहेर औषधं आणायला पाठवते.

सासूबाईंचं "आमच्या वेळी नव्हतं" हे खोटं ठरवायची गरज नाही. मार्शा फ्लिंट या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी 1975 मध्ये राजस्थान आणि हिमाचलमधल्या 483 राजपूत बायकांचा अभ्यास मांडला. पाळीतल्या बदलापलीकडे फारच थोड्या जणींनी तक्रार सांगितली. फ्लिंट यांचा तर्क असा की पाळी गेल्यावर या बायकांचा पडदा सुटत होता, त्या पुरुषांत बसू-बोलू शकत होत्या, म्हणजे पाळी जाण्याने त्यांना काहीतरी मिळत होतं. पुढे मार्गारेट लॉक या दुसऱ्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंना जपानमध्ये वाफांची तक्रार उत्तर अमेरिकेपेक्षा खूप कमी आणि खांदे आखडण्याची जास्त सापडली. आपल्याकडेही शिवाशीव पाळणाऱ्या घरात "सुटले एकदाची" म्हणणाऱ्या बायका मी भरपूर पाहिल्या आहेत. गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या नकोत, वारीत मधेच अडचण नको, लोणच्याच्या बरणीपासून लांब उभं राहणं नको. ज्या बाईला पाळी जाण्याने मोकळीक मिळते तिला त्रास सोसायला बळ मिळतं. जिला "आता मी म्हातारी झाले, नवऱ्याला नकोशी झाले" असं वाटतं तिला तीच वाफ जास्त छळते. पाळी जाण्याआधीच ज्यांच्या मनात तिच्याबद्दल धास्ती असते, त्या पुढे जास्त त्रास सांगतात, हे बऱ्याच अभ्यासांत आलं आहे. मनाचा संबंध असतो तो असा. तो वाफ निर्माण करत नाही, तिचं वजन ठरवतो.

पण फ्लिंट यांचा अभ्यास हाताशी धरून "भारतीय बायकांना त्रासच होत नाही" म्हणणारे भेटतात, त्यांच्याशी माझं पटत नाही. सासूबाईंच्या पिढीत विचारत कोण होतं? चाळीस माणसांचा स्वयंपाक चुलीवर करणाऱ्या बाईला घाम आला तर तो चुलीचाच असणार, अशी सगळ्यांची खात्री, तिचीही.

ज्याबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, त्याबद्दलही लिहिते, कारण चारचौघीत कुणी बोलत नाही. योनिमार्ग कोरडा पडतो, आग होते, संबंधाच्या वेळी दुखतं, लघवीला जळजळ होते, खोकलं-शिंकलं की थेंब गळतो. पाळी गेलेल्या जवळपास निम्म्या बायकांना यातलं काही ना काही होतं. वाफा काही वर्षांनी आपोआप कमी होतात. कोरडेपणा आपोआप बरा होत नाही, उपचार न केल्यास वाढत जातो. बाई "देवाधर्माला लागले" असं सांगून वेगळी झोपू लागते, नवऱ्याला वाटतं हिचं मन उडालं. दोघंही बोलत नाहीत. वारंवार लघवीचा संसर्ग म्हणून अँटिबायोटिकवर अँटिबायोटिक घेतलेल्या साठीच्या बायका माझ्याकडे येतात, त्यातल्या कितीतरी जणींना योनीत लावायच्या इस्ट्रोजेनच्या मलमाने आराम पडतो. हे मलम रक्तात फार थोडं उतरतं, म्हणून ते बहुतेकींना चालतं. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर मात्र आधी त्या डॉक्टरांना विचारायचं. गळणाऱ्या लघवीसाठी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम असतात, फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या, चुकीच्या पद्धतीने केले तर उपयोग होत नाही.

आता वाफांवर काय करायचं. हार्मोनच्या गोळ्या किंवा जेल याइतका गुण दुसऱ्या कशानेही येत नाही. लोक घाबरतात ते 2002 मुळे. त्या वर्षी अमेरिकेतली 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या चाचणीतला दोन हार्मोनांचा भाग मधेच थांबवला गेला आणि हार्मोनने कॅन्सर होतो अशी बातमी जगभर पसरली. त्या चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा वर्षं उलटली होती. दोन हार्मोन एकत्र घेणाऱ्यांत स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण 10,000 बायकांमागे वर्षाला आठाने वाढलं, खुब्याच्या हाडाचे फ्रॅक्चर पाचने घटले. पिशवी नसलेल्या आणि नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या गटात स्तनाचा कर्करोग वाढला नाही. आज जगभरच्या तज्ज्ञ संस्थांचं मत असं की साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत, त्रास असलेल्या निरोगी बाईला फायदा धोक्यापेक्षा जास्त. पिशवी असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन लागतंच, नाहीतर पिशवीच्या अस्तराचा कर्करोग होऊ शकतो. कातडीवर चोळायच्या जेलने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका गोळीपेक्षा कमी. स्तनाचा कर्करोग, गुठळी, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, यकृताचा चालू आजार, कारण न कळलेला रक्तस्राव, यातलं काही असेल तर हार्मोन नाही. अशांसाठी नैराश्यावरच्या काही गोळ्या कमी मात्रेत आणि रात्री घ्यायचं गॅबापेंटिन उपयोगी पडतं. स्तनाच्या कर्करोगावरचं टॅमॉक्सिफेन चालू असेल तर नैराश्यावरच्या या गोळ्यांपैकी पॅरॉक्सेटिन घ्यायचं नाही, हे लक्षात ठेवा.

विचार आणि वागणूक बदलण्याची समुपदेशन पद्धत, जिला सीबीटी म्हणतात, तिने वाफांची संख्या फारशी घटत नाही, पण त्यांचा जाच आणि झोप दोन्ही सुधारतात. पुन्हा तोच फरक, वाफ आणि तिचं वजन. योगासनं आणि चालणं यांनी वाफा कमी होतात असं चाचण्यांत सिद्ध झालेलं नाही. हे लिहिलं की मला रागाचे निरोप येतात. तरीही दोन्ही करा, कारण झोप, मन, साखर आणि हाडं यांना त्यांचा फायदा आहे. सोया आणि जाहिरातीतली चूर्णं यांच्यावर महिन्याला हजार-दीड हजार खर्चण्याऐवजी त्या पैशांचं दूध, अंडी, डाळी घरात आणा आणि तुमच्या ताटात वाढून घ्या. घरातल्या बाईच्या ताटात शेवटी जे उरतं त्यात प्रथिनं नसतात. पाळी जाण्याच्या काळात हाडांची घनता झपाट्याने घटते. दिवसाला 1000 ते 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम असतं, कपभर दुधात दोनशेच्या वर. तीळ, नाचणीची भाकरी, ताक हे आपलंच खाणं आहे, फक्त रोज हवं.

घरातली छोटी सोय वाफांच्या वेळी थोडा आराम देते. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन लावा, सिंथेटिक गाऊनऐवजी सुती घाला, रात्रीचं जेवण तिखटजाळ आणि उशिरा नको, चहा दुपारी चारनंतर बंद. पंख्यावरून नवऱ्याशी भांडण होत असेल तर दोन खाटा आणि उशाशी छोटा टेबल फॅन हा संसार वाचवणारा खर्च आहे.

पुढच्या भेटीला जाताना दोन आठवड्यांची नोंद न्या: वाफ कधी आली, त्याआधी काय चाललं होतं, रात्री किती वेळा आणि कशाने जाग आली. हिमोग्लोबिन, साखर, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि रक्तदाब पाहून घ्या. 45 वर्षांच्या पुढे हार्मोनच्या तपासण्यांचं महागडं पॅकेज लागत नाही. एफएसएच हे ओव्हरीला चालना देणारं हार्मोन या काळात आठवड्याला बदलतं, एका आकड्यावरून काही ठरत नाही. स्तनांची तपासणी आणि गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगासाठीची पॅप किंवा एचपीव्ही तपासणी राहिली असेल तर त्याच फेरीत उरका. पाळी तीन महिन्यांनी येते म्हणून गर्भ राहणार नाही असं समजू नका. पन्नाशीच्या आत शेवटची पाळी आली तर त्यानंतर दोन वर्षं, पन्नाशीनंतर आली तर एक वर्ष काळजी घ्यायची असते. आणि सलग 12 महिने पाळी न येता नंतर कधीही लाल डाग दिसला, एकच थेंब असला, तरी "राहिलेली पाळी आली" म्हणून सोडू नका. त्याच आठवड्यात सोनोग्राफी करून घ्या.